चादरींचा प्रोग्राम

आमच्या मासिकाचे एकूण एकवीस अंक निघाले. त्यातले पहिले चौदा मी आजही कुणालाही छाती पुढे काढून दाखवीन. पंधरावा, सोळावा आणि सतरावा हे तीन मात्र मी घरात कुणाच्या हाती लागू देत नाही. या तीन अंकांत मी एका बाईचं जे नुकसान केलं, ते लिहून काढायचं ठरवून बरीच वर्षं झाली. दर वेळी बसलो की मासिकाचा इतिहासच सांगत सुटतो. तो सांगायला सोपा आहे आणि त्यात मी बरा दिसतो. आजही सुरुवात तिथूनच करतो, पण आज मध्ये थांबणार नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कुवेतची लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी शारजात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्रॉइंग्ज आणि पत्रव्यवहार सांभाळायचो. लढाईच्या धसक्याने बरीच कुटुंबं गाशा गुंडाळून गेली आणि जाताना घरातलं सामान विकून गेली. तेव्हा सुपरमार्केटच्या दाराशी एक बोर्ड असायचा, त्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाचलेल्या असायच्या. सोफा, पाळणा, वॉशिंग मशीन, देश सोडतोय, सगळं काढायचं आहे. अशाच एका चिठ्ठीवरून मला माझा पहिला कॉम्प्युटर मिळाला. आजच्या मुलांना तो कॉम्प्युटर वाटणारच नाही. नुसता एक जाडजूड कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम साठवायला गाण्याच्या कॅसेटचा टेपरेकॉर्डर. कीबोर्डवर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं. दीडशे दिरहमला पडला.

"दीडशे म्हणजे अकराशे रुपये!" बायको म्हणाली. "अकराशेत मिक्सर आला असता."

मिक्सर पुढच्या महिन्यात आणला, पण हे वाक्य तिने अनेक वर्षं जपून ठेवलं होतं.

माझा एक मित्र दुबईत ऊद मेथाला राहायचा. लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर होता. त्याच्याकडेही तसलंच मशीन होतं. इंग्लंडहून येणारी कॉम्प्युटरची मासिकं आम्ही दोघं मिळून विकत घ्यायचो. त्या मासिकांत प्रोग्राम छापलेले असायचे, ओळीवर ओळ, प्रत्येक ओळीला नंबर. ते बघून वाचकाने आपल्या मशीनवर सगळं टाइप करायचं, मग एखादा खेळ किंवा हिशेबाचं काहीतरी पडद्यावर चालायला लागायचं. दोन-दोन तास टाइप करून शेवटी पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे उड्या मारायचा, आणि आम्ही दोघं चाळिशीला टेकलेले बाप्ये टाळ्या पिटायचो.

हे आपल्या लोकांसाठी मराठीत काढायचं, ही कल्पना माझी. तेवढं श्रेय मी कुणाला देणार नाही. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात मी उभा राहून घोषणा केली आणि बघता बघता पन्नास-साठ वर्गणीदार झाले. दुबई-शारजातले बरेच, अबू धाबीतले काही, अल ऐनला एक डॉक्टर. मासिक काढायला सरकारी परवाना लागतो असं ऐकून होतो, म्हणून वर छापायचो, 'सभासदांसाठी पत्रक'. मनात मात्र ते मासिकच होतं आणि मी त्याचा संपादक होतो.

काम असं चालायचं. मराठी मजकूर माझ्या हस्ताक्षरात. प्रोग्राम मित्राच्या प्रिंटरवर काढलेले, कात्रीने कापून डिंकाने चिकटवलेले. मोठ्या आकाराचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, मधोमध घडी, झाली आठ पानं. झेरॉक्स आमच्या ऑफिसात, गुरुवारी अर्धा दिवस सुटल्यावर. ऑफिस मॅनेजर इजिप्तचा होता, मनाने चांगला. पन्नासेक प्रती झाल्या की यायचा आणि म्हणायचा, "यल्ला हबीबी, खलास, मशीन गरम झालं." मग मी त्याला चहा पाजून उरलेल्या काढून घ्यायचो.

आणि एक नियम होता. तो मित्राचा. छापायच्या आधी प्रत्येक प्रोग्राम त्याने स्वतः टाइप करून चालवून बघायचा. तोही लेखकाच्या कॅसेटवरून नाही, तर मी चिकटवून तयार केलेल्या पानावरून, वाचक करणार तसा. शुक्रवारी सकाळी तो पान पुढ्यात घेऊन बसायचा, एक बोट ओळीवर ठेवून टाइप करायचा. चालला की पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बरोबरची खूण. खूण नाही तर छपाई नाही. मला हे जरा अतीच वाटायचं, पण त्याच्यामुळे आम्ही मुखपृष्ठावर एक वाक्य कायमचं टाकू शकलो. 'या अंकातील प्रत्येक प्रोग्राम छापील पानावरून टाइप करून तपासला आहे.' इंग्लंडच्या मासिकांतही चुका निघायच्या. आमच्यात चौदा अंकांत एक निघाली नाही.

सहाव्या अंकानंतर पोस्ट बॉक्समध्ये एक जाड पाकीट आलं. आत देरा भागातल्या एका हॉटेलचे कोरे लेटरहेड, त्यांवर बारीक, तिरप्या अक्षरांत लिहिलेला प्रोग्राम. पाठवणारी बाई वसईची. हॉटेलात लिनन रूमला होती, म्हणजे चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आणि स्टाफचे युनिफॉर्म जिथून दिले-घेतले जातात तिथे. नवरा दुसऱ्या हॉटेलच्या किचनमध्ये. मशीनसोबत येतं ते पुस्तक वाचून एकटीने शिकली होती. चर्चच्या फीस्टला हाऊजी खेळतात, त्याचे आकडे न चुकता, पुन्हा न येता पुकारून दाखवणारा तो प्रोग्राम होता. मित्राने तो शुक्रवारी टाइप केला आणि मला फोन केला, "अरे, ही बाई आपल्या दोघांच्या वरची आहे."

हे मला आवडलं नाही. असं कुणी सांगितलं तर कुणालाच आवडत नाही, पण मला जरा जास्तच झोंबलं.

तिच्या प्रोग्रामची एक गंमत होती. प्रोग्राम ज्या भाषेत लिहायचे तिच्यात 'रेम' नावाची ओळ लिहिता येते. रेम लिहिलं की पुढचं सगळं माणसासाठी. मशीन ते वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. बाकीचे लोक तिथे 'सुरुवात', 'बेरीज' असं एखाद्या शब्दाचं लेबल लावायचे. ही बाई गप्पा मारायची. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'इथे मी तीन दिवस अडकले होते.' 'हे दोनदा मोजतं असं वाटेल, पण नाही मोजत, बघा.' वाचकांची पत्रं यायला लागली की प्रोग्राम राहू दे, आम्ही तिच्या रेम वाचायला अंक उघडतो. माझ्या संपादकीयाबद्दल असं पत्र एकही आलं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी लपवून काय करू, मला तिचा हेवा वाटायचा.

शुक्रवारी ती ऊद मेथाच्या चर्चला मासच्या प्रार्थनेला यायची. आपल्याकडे रविवारी असतं ते तिथे शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. मास संपला की ती मित्राच्या घरी नवे कागद द्यायला यायची. मीही तेव्हा तिथे असायचो. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. बोलली की थेट मुद्द्याचं बोलायची. मित्राला ती दादा म्हणायची आणि मला सर. तिच्या तोंडून सर ऐकायला मला फार बरं वाटायचं.

अशाच एका शुक्रवारी, जूनच्या अखेरीस, तिने चादरींचा प्रोग्राम आणला. हॉटेलात किती चादरी आहेत, त्यातल्या मजल्यांवर किती, लॉन्ड्रीत किती, फाटून बाद किती, हे रोज सकाळी दहा मिनिटांत सांगणारा. हे काम तेव्हा तिथे तीन माणसं वहीत आकडे मांडून अर्धा दिवस करायची.

"सर, हा नीट यायला हवा," ती म्हणाली. "आमच्या ईडीपीत एक पोस्ट निघाली आहे, असिस्टंटची."

ईडीपी म्हणजे हॉटेलचं कॉम्प्युटर खातं. तिथला मॅनेजर पुण्याचा होता आणि पहिल्या अंकापासून आमचा वर्गणीदार. हाऊजीचा प्रोग्राम त्याने घरी टाइप करून चालवला होता. तो तिला म्हणाला होता, हॉटेलच्या कामाचं काही करून दाखवा, तुमच्या नावाने मासिकात येऊ दे. मी ते इथल्या पीसीवर टाइप करून जनरल मॅनेजरला दाखवतो. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही, पण छापून आलेलं आहे म्हटलं की वजन पडतं.

"कॅसेट नेऊन चालणार नाही का?" मित्राने विचारलं.

"दादा, त्यांच्या पीसीला कॅसेट लागतच नाही. कागदावरूनच जायला हवं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सहा वर्षं झाली सर त्या लिनन रूममध्ये. बेसमेंट आहे. बाहेर ऊन आहे की रेती उडतेय, काही कळत नाही. हे झालं तर मी वर येईन."

मी म्हणालो, "तुम्ही निश्चिंत राहा." हेच शब्द होते माझे.

जुलैत मित्र दोन महिन्यांच्या सुट्टीवर इंडियाला गेला. आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी अशी सुट्टी मिळायची, आणि मिळाली की माणूस ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. पंधरावा अंक मी एकट्याने काढायला घेतला. चादरींचा प्रोग्राम तीन पानं खात होता. त्या अंकात मी स्वतःचा एक लेख लिहिला होता, मराठी माणूस आणि कॉम्प्युटर या विषयावर, दोन पानांचा. त्यात काही नव्हतं. आता वाचला की कानशिलं तापतात. पण तेव्हा तो मला फार महत्त्वाचा वाटत होता आणि त्याची एकही ओळ कापायला माझा हात धजावत नव्हता. म्हणून मी तिचा प्रोग्राम दोन पानांत बसवायचं ठरवलं.

कसं बसवलं तर मित्राने जाण्याआधी तिच्या कॅसेटवरून प्रिंट काढून ठेवली होती, तिच्यातल्या सगळ्या रेम कात्रीने काढून टाकल्या. तीस-चाळीस ओळी होत्या. मशीन त्या वाचत नाही, मग कागद कशाला अडवायचा, असं मी स्वतःला समजावलं. त्यात थोडा आनंदही होता, तोही कबूल करतो. या वेळी वाचकांना तिच्या गप्पा मिळणार नव्हत्या. नाव तिचं ठळक अक्षरांत टाकलं, तेवढा उदारपणा केला. तपासणी केली नाही. मी फक्त ओळी काढल्यात, एकही ओळ बदललेली नाही, मग तपासायचं काय? मुखपृष्ठावरचं वाक्य मात्र दर वेळेसारखं छापलं गेलं, कारण ते मुखपृष्ठ आम्ही एकदाच तयार करून ठेवलं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, म्हणजे कॉम्प्युटर न वापरलेल्यालाही कळेल. प्रोग्राम दर वेळी वरून खाली सरळ जात नाही. मध्येच एखादी ओळ सांगते, इथून ओळ नंबर पाचशेवर जा. मशीन पाचशे नंबर शोधतं आणि तिथून पुढे वाचतं. तिची सवय अशी की प्रत्येक नव्या भागाची सुरुवात ती रेमने करायची. म्हणजे पाचशे नंबरची ओळ हीच रेम. मशीन ती वाचत नाही हे खरं, पण ती तिथे असावी लागते. मी ती काढली. मशीन पाचशे शोधायला गेलं, पाचशे नव्हतीच, आणि प्रोग्राम बंद पडला. रेमवर उडी मारत असाल तर ती कधी काढू नका, हे मीच आमच्या तिसऱ्या अंकात वाचकांना बजावून सांगितलं होतं.

अंक गेला आणि आठवड्याभरात ऑफिसात फोन सुरू झाले. अल ऐनच्या डॉक्टरांचा, मग अबू धाबीहून दोन. प्रोग्राम चालत नाही, अमुक ओळ सापडत नाही म्हणतो. तिचे मूळ कागद माझ्या टेबलाच्या खणात होते. खण उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी उघडला नाही. बाईने काहीतरी घोळ घातला असणार असं मी ठरवून टाकलं, आणि ते ठरवताना मला बरं वाटलं. सोळाव्या अंकात चौकट टाकली: 'मागील अंकातील चादरींच्या प्रोग्राममध्ये लेखिकेकडून काही ओळी राहून गेल्यामुळे तो चालत नाही. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' अक्षर सुरेख आलं होतं.

तो अंक पोचल्यावर तिचा फोन आला, दुपारच्या जेवणाच्या वेळेत. मागे लॉन्ड्रीच्या मशिनांचा आवाज येत होता.

"सर, ओळ तीनशे चाळीसमध्ये पाचशेवर जा असं आहे. पाचशे तुमच्या पानावर नाहीच. सातशे नाही, नऊशे पण नाही. माझ्या सगळ्या रेम गेल्या आहेत."

मी पंधरावा अंक समोर ओढला. एका क्षणात दिसलं.

"सर? आहात ना?"

"हो, बोला."

"मॅनेजरनी जनरल मॅनेजरसमोर चालवून दाखवला. बंद पडला. मी त्यांना सांगितलं की मूळ प्रोग्राम बरोबर आहे, मी हाताने लिहून देते. पण ते म्हणाले, तुमच्या संपादकांनीच लिहिलंय की तुमच्याकडून ओळी राहिल्या. आता छापील काही असेल तर दाखवा, एकदा तोंडघशी पडलोय, परत नाही पडणार." मग म्हणाली, "सिलेक्शन पुढच्या महिन्याच्या एंडला आहे. त्याच्या आधी तुमचा अंक येईल ना? त्यात एवढंच लिहा सर, मूळ प्रोग्राम बरोबर होता. एकच ओळ."

"बघतो," मी म्हणालो. "आधी टेस्ट करायला हवी. माझा मित्र येऊ दे परत."

"मी केलीय टेस्ट. माझ्याकडे रोज चालतो."

"तरी पद्धत आहे ना आपली. होईल, इन्शाल्ला."

तिथे राहून आम्ही सगळेच हा शब्द शिकलो होतो. अरब माणूस तो मनापासून म्हणतो. आपल्यातले बरेच लोक टाळायचं असलं की म्हणतात. तिला ते कळलं असणार. थँक यू सर म्हणून तिने फोन ठेवला.

मित्र सप्टेंबरात परत आला. पहिल्याच शुक्रवारी मी त्याला तिचे मूळ कागद दिले. त्याने बॅग पूर्ण रिकामीही केली नव्हती, खोलीभर आईने दिलेल्या चिवड्याचा वास होता. त्याने पूर्ण प्रोग्राम टाइप केला, सगळ्या रेमसकट, अधूनमधून वाचून हसत. पहिल्या फटक्यात चालला. मग त्याने पंधरावा अंक हातात घेतला, दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू काढल्यास?"

"जागा नव्हती."

"आणि सोळाव्यात तिच्या नावावर टाकलंस?"

"तेव्हा माहीत नव्हतं मला."

"आता माहीत आहे ना. मग लिही सरळ, चूक संपादकाची, लेखिकेचा प्रोग्राम बरोबर होता. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे रे."

"मासिकावरचा विश्वास जाईल लोकांचा. मुखपृष्ठावर काय छापतो आपण?"

"मासिकावरचा की तुझ्यावरचा?" तो म्हणाला, आणि चहा न पिताच उठून आत गेला.

मी लिहिणार होतो. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, पण सतराव्या अंकाचा मजकूर लिहायला बसलो तेव्हा खरंच लिहिणार होतो. 'गेल्या दोन अंकांत माझ्याकडून' इथपर्यंत लिहिलंही. मग डोळ्यांपुढे अल ऐनचे डॉक्टर आले, मंडळातले लोक आले, पुढच्या कार्यक्रमात काय ओ संपादक म्हणून टप्पल मारणारे आले. कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावर मथळा लिहिला, 'चादरींचा प्रोग्राम: सुधारित आवृत्ती.' त्याखाली तिचं नाव आणि त्याखाली हे वाक्य: 'वाचकांच्या सूचनांनुसार संपादकांनी आवश्यक त्या ओळी जोडून हा प्रोग्राम पुन्हा सादर केला आहे.'

तिच्याच ओळी, तिच्याच क्रमाने, आणि जोडल्या कुणी, तर संपादकांनी. पूर्ण प्रोग्राम छापतोय, रेमसकट, तीन पानं देतोय, माझा लेखही घेतला नाही या वेळी. मग झालं की तिचं काम, अशी मी मनाची समजूत घातली. मित्राने पानावर खूण केली होती ती मथळा लिहिण्याआधी. छापलेला अंक त्याने चाळला आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला. पुढचे अंकही त्याने तपासून दिले, पण शुक्रवारी ये असं तो मला परत म्हणाला नाही.

अंक पोस्टात पडल्यावर आठ-दहा दिवसांनी ईडीपीच्या मॅनेजरचा मला फोन आला. माझी त्याची ओळख नव्हती. आवाज मोकळा होता.

"साहेब, अभिनंदन. तुम्ही दुरुस्त केलेला तो प्रोग्राम चालवला. फर्स्ट क्लास चालतो. जनरल मॅनेजर खूश झाले."

मी विचारलं, "मग बाईंचं काय?"

"बाई हुशार आहेत, प्रश्नच नाही. पण कच्च्या आहेत हो. तुम्ही होता म्हणून निस्तरलं. उद्या हॉटेलच्या सिस्टिममध्ये अशा ओळी राहिल्या तर मी कुणाला फोन करू? कोर्स केलेला एक उमेदवार आहे, त्याला घेतोय. लेटर अजून टाइप व्हायचंय. म्हटलं आधी तुमचे आभार मानावेत."

लेटर अजून टाइप व्हायचं होतं. हे त्याने स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. माझ्या टेबलाजवळ तेव्हा कुणी नव्हतं, पलीकडचा सहकारी बँकेत गेला होता. एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, ओळी तिच्याच होत्या, मी काढल्या होत्या. मंडळात कळलं नसतं, डॉक्टरांना कळलं नसतं, त्या एका माणसाला कळलं असतं फक्त. ते वाक्य सोडून मी म्हणालो, "थँक यू, आपला लोभ असू द्या."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन. कस्टम्सला, बॉसला, बायकोला. पण ज्याची मला आज लाज वाटते ते हेच एक वाक्य, आणि त्यात खोटा शब्द एकही नाही.

तिने काही कळवलं नाही. फोन नाही, पत्र नाही, नवा प्रोग्राम नाही. अंक बंद करा असंही नाही. मी पाठवत राहिलो. वाचकांनी विचारलं की त्या वसईच्या बाई कुठे गेल्या, मी सांगायचो, कामात असतील. पुढे चार अंक निघाले आणि मासिक संपलं. ते माझ्यामुळे संपलं असंही नाही. लोकांनी पीसी घेतले, खेळ तयार मिळायला लागले, टाइप करायला कुणाला वेळ होता? वर्षा-दोन वर्षांनी इंटरनेट आलं. मित्र कुटुंबासह नाशिकला परत गेला. निघताना मी एअरपोर्टवर सोडायला गेलो. त्याने हात हातात घेतला, सगळ्यांची चौकशी केली, आणि तिचं नाव काढलं नाही. त्याने काढायला हवं होतं असं मला वाटत होतं. म्हणजे निदान मी काहीतरी बोललो असतो.

दोन हजार साल उलटल्यावर माझा मुलगा ऊद मेथाच्या शाळेत आठवीत होता. शाळेत कॉम्प्युटरचं प्रदर्शन होतं. मुलांनी केलेली कामं टेबलांवर मांडलेली, प्रत्येकाशेजारी ते मूल टाय लावून उभं, आणि आम्ही आईबाप टेबलामागून टेबल फिरत कौतुक करतोय. एका टेबलावर एका मुलीने वसईवर वेबसाइट केली होती. चर्चेस, बावखलं म्हणजे तिथली गावतळी, केळीच्या बागा, सगळ्याचे फोटो. गावाचं नाव टाकलं की बोरिवलीपासून किती अंतर तेही ती साइट सांगत होती. मी वाकून बघत होतो आणि बाजूने आवाज आला, "सर, तुम्ही?"

केस पिकले होते, बाकी तशीच. हॉटेलच्या युनिफॉर्मवरच आली होती, ड्यूटी संपवून. खिशावरच्या पट्टीवर नावाखाली लिहिलं होतं, लिनन सुपरवायझर.

मी घाईने सरळ उभा राहिलो. ती मात्र अगदी सहज बोलली. मुलगी तिचीच. मित्र कसा आहे विचारलं, माझा मुलगा कितवीत आहे विचारलं. मी उत्तरं देत होतो आणि मनात शब्द जुळवत होतो. इतक्या वर्षांत किती वेळा जुळवले होते, तोंडपाठ होते. पण तिच्या समोर थेट सुरुवात करायचा धीर होईना, म्हणून मी आडून गेलो. मुलीकडे वळून म्हणालो, "छान केलंयस ग. आईकडून शिकलीस वाटतं हे?"

मुलगी खळखळून हसली.

"मम्मी? नो, अंकल! मम्मी इज स्केअर्ड ऑफ कॉम्प्युटर्स. शी डझन्ट इव्हन नो हाऊ टू स्विच इट ऑन."

मी बाईंकडे बघितलं. तिने मुलीचा टाय सरळ केला.

"हो ना सर," ती म्हणाली. "मला त्यातलं काही येत नाही." आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली. घाई केली नाही. मुलगीही अजून हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती, अंकल आता पुढे काय विचारतात म्हणून.

मी मुलीला म्हणालो, "हल्लीच्या मुलांना सगळं किती पटकन येतं, नाही?" आणि दोघींनी मान डोलावली.